पाय वर घेऊन शंभर किलोमीटर

सहदेव घाडीच्या गॅरेजचा एकच नियम होता, पण तो वाकवायची छाती अख्ख्या मरोळमध्ये कुणाची नव्हती. बनवलेली गाडी मालकाला देण्याआधी सहदेव ती स्वतः शंभर किलोमीटर चालवायचा. पंच्याण्णव नाही, नव्याण्णव नाही, शंभर. मालक हार-नारळ घेऊन दारात उभा असला, भटजींनी मुहूर्त काढलेला असला, तरी काटा शंभरापलीकडे गेल्याशिवाय किल्ली सहदेवच्या खिशातून बाहेर यायची नाही. "शंभर माझे, पुढचे जन्मभर तुझे," असं तो म्हणायचा आणि वर हसायचा. त्या हसण्यामुळे माणूस भांडायचं विसरून जायचा.

साध्या गाडीच्या साध्या दुरुस्तीला त्याच्याकडे कुणी जात नसे. जगात कुठेच मिळत नाही अशी गाडी हवी असेल, तर सहदेवकडे जायचं. गोराईच्या मच्छीवाल्याला त्याने पोटात बर्फाचा कप्पा असलेली जीप करून दिली होती. शूटिंगवाल्यांना छत काढून वर कॅमेरा बसेल अशी अ‍ॅम्बॅसेडर दिली होती. जुहूच्या एका बिल्डरच्या लाडक्याला फायबरची ठेंगणी लाल गाडी दिली, ती इतकी ठेंगणी की आत बसायला पडावंच लागे. पंधरा वर्षं लालबागच्या गिरणीत मागांचा फिटर म्हणून काढल्यावर संपात गिरणी सुटली, तेव्हा लोकांना वाटलं घाडी आता गावी जाऊन नांगर धरणार. घाडीने मरोळला पत्र्याची शेड घेतली. सोबतीला गिरणीतलाच वेल्डर धाकू आला, आणि दोघांनी पहिल्या वर्षात चार गाड्या रस्त्यावर आणल्या.

पंच्याऐंशी सालच्या गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात या शेडसमोर एक पांढरी फियाट थांबली. चालवणारा तरुण उतरला, वळसा घालून पलीकडे गेला, आणि त्याने दार उघडून दोन कुबड्या पुढे केल्या. पस्तिशीच्या एक बाई उतरल्या. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. अंगावर कडक इस्त्रीची साडी, खांद्याला वह्यांची पिशवी.

"मी क्षमा देवस्थळी," त्या म्हणाल्या. "बोरिवलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. हा माझा भाऊ श्यामसुंदर. आठ वर्षं मला अंधेरीहून कॉलेजात सोडतो आणि परत आणतो. अठ्ठावीस नोव्हेंबरला तो नोकरीसाठी मस्कतला चाललाय. त्यानंतर एकतर मी स्वतः गाडी चालवीन, नाहीतर नोकरी सोडून घरी बसेन. तिसरा रस्ता मला दिसत नाही. ही गाडी पायांशिवाय चालेल अशी करता येते का?"

श्यामसुंदर खाली मान घालून उभा होता. त्याला फार अपराधी वाटत असावं.

सहदेवने खडू उचलला आणि तिथेच फरशीवर उकिडवं बसून गाडीचं चित्र काढायला सुरुवात केली. हे त्याचं होकार देणं होतं. ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, तीन पेडलं आणि हात दोनच, त्यात एका हातात स्टिअरिंग. खडू थांबायचा, पुन्हा चालायचा. अर्ध्या तासाने त्याने वर पाहिलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत अशी काही चमक होती की धाकूने कपाळाला हात लावला. ही चमक आली की पुढचे दोन महिने जेवणाखाण्याची वाट लागते, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

"बाई," सहदेव म्हणाला, "तुमच्या घरच्या बेलचं बटण कसलं आहे?"

"पांढरं. गोल. का?"

"झकास. तसलंच लावतो."

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सोपे होते. उजव्या हाताला स्टिअरिंगच्या अगदी जवळ एक दांडा, त्याला स्कूटरची मूठ. मूठ पिळली की वेग, दांडा पुढे ढकलला की ब्रेक. डाव्या हातासाठी स्टिअरिंगवर मुठीत मावणारा गोल लाकडी गुल्ला, त्याने चाक फिरवायचं. फियाटचा गिअर स्टिअरिंगलाच असतो, तेही बरं झालं. सगळं घोडं अडलं होतं क्लचवर. तो दाबायला तिसरा हात आणायचा कुठून?

तो हात सहदेवने इंजिनाकडूनच घेतला. इंजिन चालताना हवा आत खेचतं. ती ओढ एका नळीने पत्र्याच्या बंद डब्यात घ्यायची, डब्यातला पडदा त्या ओढीने सरकेल आणि क्लच खेचेल. मधे विजेचा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हला बटण, तेच ते घरच्या बेलचं, गिअरच्या दांड्याच्या टोकाला. अंगठ्याने बटण दाबलं की क्लच दबणार, सोडलं की सुटणार. डबा कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे मिळाला. पडदा तीन वेळा फाटला. क्लच सुटताना गाडी बेडकासारखी उडी मारायची, म्हणून नळीत बारीक भोकाची चकती घातली. मग भोक लहान, भोक मोठं, असं करत अठरा चकत्या झाल्या.

अठराव्या चकतीला सहदेवने बटण दाबलं, पहिला गिअर टाकला, अंगठा उचलला, आणि गाडी शेडमधून अशी अलगद निघाली की बोनेटवर ठेवलेला धाकूचा चहा हिंदकळलासुद्धा नाही.

"आवशीचो घो!" धाकू ओरडला. "चलता मरे! बेल मारल्यार गाडी चलता!"

सहदेव गाडीतून उतरला आणि त्याने धाकूला मिठी मारून उचललं. धाकूचं वजन कमी नव्हतं. समोरचा पंक्चरवाला, शेजारची पिठाची गिरणवाली, सगळे बघायला जमले, आणि प्रत्येकाने एकेकदा बटण दाबून पाहिलं.

आता शंभर किलोमीटर. यात लबाडी नको म्हणून सहदेवने बायकोच्या जुन्या साडीची पट्टी घेऊन स्वतःचे दोन्ही पाय घोट्याशी करकचून बांधले. पायाखाली नवी कोरी रबरी मॅट अंथरली. आणि तो आरे कॉलनीत शिरला. मरोळकडून आत गेलं की चढ, उतार, आंधळी वळणं, मधेच रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी, गाडीला जे जे विचारायचं ते सगळं तिथे विचारता येतं. सहदेव तीन दिवस फिरला. चढावर थांबला, पुन्हा निघाला. वळणं पन्नासच्या वेगाने घेतली. पाय बांधलेले, चेहरा फुललेला. काटा शंभरावर गेला तेव्हा तो एकटाच मोठ्याने गाऊ लागला, आणि सहदेवचं गाणं म्हणजे म्हशींनीसुद्धा वाट सोडावी असं.

सतरा नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी त्याने किल्ली क्षमाबाईंच्या हातात ठेवली. लर्निंग लायसन्स त्यांनी काढलेलं होतं, आणि बंद गाडीत बसून दांडा-बटणाचा सराव तर महिनाभर चालू होता. आरटीओतली परीक्षा सव्वीस तारखेला, मंगळवारी. नऊ दिवस हातात. सहदेव डाव्या बाजूला बसला, श्यामसुंदर मागे.

सरळ रस्त्यावर बाईंनी गाडी इतकी सुरेख चालवली की सहदेवला गहिवरून आलं. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. बाईंच्या चेहऱ्यावरून नुसतं हसू सांडत होतं.

मग पहिलं वळण आलं. वेग जेमतेम तीस. बाईंनी चाक वळवलं, गाडी वळली, आणि बाई मात्र वळल्या नाहीत. गुळगुळीत रेक्झिनच्या सपाट सीटवरून त्या सरळ दाराकडे घसरत गेल्या. दारावर आपटल्या, हातातला दांडा सुटला, लाकडी गुल्ला उलटा फिरला, आणि फियाट रस्ता सोडून गवतात शिरली. सहदेवने चावी फिरवून इंजिन बंद केलं. समोर दोन हातांवर एक म्हैस रवंथ करत उभी होती.

कुणालाही लागलं नव्हतं. पण बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वळणाला त्यांनी स्वतःच गाडी थांबवली आणि दांड्यावरचा हात काढून घेतला.

"राहू द्या, सहदेवभाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी चांगली आहे. मलाच जमत नाही."

सहदेवला हे शब्द फार लागले. एखादी गाडी वाईट झाली असती तर त्याने ती पुन्हा केली असती. पण चांगल्या गाडीचं करायचं काय? शंभर किलोमीटर पाय बांधून चालवली होती त्याने. कुठे घसरला नाही की डळमळला नाही. म्हणजे खरंच बाईंना जमत नाही? हा विचार डोक्यात आला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघड्या दारातून गाडीत नुसता बघत उभा राहिला. धाकू काहीतरी बोलत होता, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. बघता बघता त्याची नजर खाली गेली. नव्या मॅटवर दोन जागी रबर घासून पांढरं झालं होतं. एक खूण उजवीकडे दाराच्या बाजूला, एक डावीकडे मधल्या उंचवट्याशी. टाचांच्या खुणा. बाईंच्या पायांत तर टाच रोवण्याइतका जोरच नव्हता, मग या टाचा कुणाच्या?

"धाकू," तो हळूच म्हणाला, "मी लबाड आहे."

"ह्या आता कळला तुका?"

"अरे, पाय बांधले होते मी. पण कापून थोडेच ठेवले होते? प्रत्येक वळणाला मी टाचा रोवून बसत होतो, आणि मला पत्तासुद्धा नाही! ही बघ, मॅट सांगतेय!"

त्याने चपला भिरकावल्या, सीटवर चढला आणि पाटावर जेवायला बसतात तशी मांडी घातली. धाकूने "सहदेवा, खुळो झालस काय रे?" म्हणेपर्यंत गाडी आरेच्या रस्त्याला लागली होती.

पहिल्याच वळणाला सहदेव घाडी दारावर धाडकन आदळला. खांदा शेकून निघाला. त्याने गाडी थांबवली आणि तो खदाखदा हसत सुटला. असा आनंद त्याला लाल गाडी झाली तेव्हाही झाला नव्हता. गाडी बरोबर होती, बाईही बरोबर होत्या. चुकला होता तो त्याचा नियम, शंभर किलोमीटरचा, आणि चूक सापडली की ती दुरुस्त करायला सहदेवसारखा माणूस नव्हता.

तो तसाच कॉलेजवर गेला. फाटकाशी बाईंना गाठून एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हे मी दर वर्षी अकरावीला शिकवते हो! गाडी वळते, अंग सरळ जायला बघतं. फळ्यावर बाण काढून दाखवते. पण श्याम चालवायचा तेव्हा मी दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसायचे. आता हात कामात, आणि पाय..." त्या थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे मला जमेल?"

"जमणार म्हणजे काय! तुम्हाला फक्त बसायला जागा नाही. ती करायची."

पण कशी? बाजूला उशा लावून पाहिल्या, उशा सरकल्या. लोखंडी कठडे लावले, ते बरगड्यांत रुतले. मंगळवार असाच गेला. संध्याकाळी सहदेव घरी हात धुऊन बसला तरी त्याचं चित्त सीटमध्येच होतं. त्याची बायको सुगंधा तांदूळ निवडत होती. गावाहून आलेली दोन पोती भिंतीला लावून ठेवली होती. नवऱ्याचा पाढा तिने निमूट ऐकून घेतला.

"तेंका तांदळाच्या पोत्यार बसवा," ती म्हणाली.

"काय?"

"आमचो पोरगो पोत्यार निजता. उठलो तरी तेच्या अंगाचो खड्डो तसोच रवता. तुमका माप व्हया मां? घ्या मगे."

सहदेवने बायकोकडे असं पाहिलं की ती लाजून सुपाकडे वळली.

बुधवारी शेडमध्ये दोन पोती आली. एक आडवं, एक पाठीमागे उभं, भोवती फळ्यांची चौकट. सुगंधाने बाईंना धरून बसवलं. "नीट बसा हां, बाई. लाजू नकात. आयता सिंहासन आसा." बाई तांदळात रुतत गेल्या, सुगंधाने कमरेपाशी, खांद्यांपाशी तांदूळ दाबून घेतले. कडक इस्त्रीच्या साडीतल्या प्राध्यापिका पोत्यावर राणीसारख्या बसल्या होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यांना अलगद उचललं. मागे राहिला त्यांचा नेमका आकार. त्यावर प्लास्टिक, त्यावर फायबरचे थर. दुपारपर्यंत शिंपल्यासारखी कडक सीट सुटून आली. धाकूने ती गाडीत पक्की केली, वर पातळ फोम लावला, आणि गिरणीतून आणून जपून ठेवलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्याचा छातीवरचा बेल्ट जोडला. खाली नवी मॅट अंथरली. घासलेली मॅट सहदेवने भिंतीला खिळ्यावर टांगली.

"आता तुझे शंभर," धाकू म्हणाला.

सहदेव सीटमध्ये बसायला गेला आणि अर्ध्यावरच अडकला. कंबर आत जाईना. खांदे तर बाहेरच राहिले. ती सीट जगात एकाच माणसाच्या मापाची होती.

सहदेव कसाबसा बाहेर निघाला, त्याने पँट झटकली. न तपासलेली गाडी आजवर त्याने कुणाला दिली नव्हती. आणि ही गाडी तपासणं त्याच्या हातात उरलं नव्हतं. त्याने खिशातली किल्ली काढली, थोडा वेळ तळहातावर धरली.

"बाई," तो म्हणाला, "शंभर तुमचे. मी बाजूला बसतो."

आणि मग ते पाच दिवस! कॉलेज सुटलं की आरे, रविवारी तर सकाळपासून आरे. पहिल्या वळणाला बाईंनी श्वास रोखला, सहदेवने देव आठवले. गाडी वळली. बाई गाडीबरोबर वळल्या. "अय्या!" असं एक शाळकरी ओरडणं त्यांच्या तोंडून निघालं. "पुन्हा घेऊ?" त्यांनी तेच वळण अकरा वेळा घेतलं. सहदेव सूचना करायचा, "मूठ आधी सोडा, मग बटण," आणि बाई त्याला उलट विचारायच्या, "ब्रेक लागताना दांडा थरथरतो, तुम्हाला कळलं होतं का हे?" नव्हतं कळलं. संध्याकाळी तो दांडा घट्ट करायचा. आपण बनवलेल्या गाडीबद्दल दुसरं कुणी आपल्याला सांगतंय, ही चव त्याला नवीन होती, आणि त्याला ती आवडायला लागली. सोमवारी संध्याकाळी काटा शंभरापलीकडे गेला.

मंगळवारी आरटीओत इन्स्पेक्टरसाहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. वाकून दांडा पाहिला, बटण पाहिलं.

"ही बेल आहे?"

"होय साहेब. वाजत नाही, पण गिअर पडतो."

साहेबांनी स्वतः बसून बघायचं ठरवलं, आणि अर्ध्या मिनिटात मुकाट्याने बाहेर आले. "ही सीट कुणाच्या मापाची?"

"माझ्या," क्षमाबाई म्हणाल्या आणि त्यात जाऊन बसल्या.

साहेब डावीकडे बसले. सहदेवला हाताने बाहेर थांबायची खूण केली. बाईंनी बटण दाबलं आणि फियाट फाटकाबाहेर गेली.

सहदेवची गाडी त्याच्याशिवाय परीक्षेला गेली होती, असं पहिल्यांदाच होत होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. श्यामसुंदर नखं खात होता. सहदेवने चहा मागवला आणि प्यायला विसरला. क्लचची नळी? चढावर थांबवलं असेल? साहेबांनी एकदम ब्रेक मारायला सांगितला असेल? तेवढ्यात वळणावर पांढरं बोनेट दिसलं. गाडी आली, मागे वळून दोन खांबांच्या मधे नेमकी उभी राहिली.

साहेब उतरले, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि आधी सहदेवकडे आले. "चढावर मधेच थांबवली मी. एक इंचसुद्धा मागे गेली नाही," ते म्हणाले. "पास आहेत बाई."

श्यामसुंदर तिथेच पायरीवर बसून रडायला लागला. सहदेवने त्याला ओढत नेऊन मागच्या सीटवर कोंबलं, आणि आपण पुढे बसला.

"मला बाराचं प्रॅक्टिकल आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला मरोळला सोडते. आरेत एक चक्कर मारून. आणि सहदेवभाऊ, पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला. कडी धरायची नाही. हात मांडीवर."

बाई वर्गात मुलांना सांगतात त्या आवाजात बोलल्या होत्या. सहदेवने चपला काढल्या आणि निमूट मांडी घातली. आरेतलं ते पहिलं वळण बाईंनी पन्नासने घेतलं. सहदेव लोटला जाऊन बाईंच्या सीटपर्यंत आला, पुढच्या वळणाला उलटा जाऊन दारावर आदळला, मागे श्यामसुंदर रडता रडता हसायला लागला, आणि बाई आपल्या जागेवर देवघरातल्या मूर्तीसारख्या अढळ होत्या. "अजून?" त्यांनी विचारलं. "अजून!" सहदेव ओरडला.

शेडसमोर गाडी थांबली तेव्हा धाकू, सुगंधा, पंक्चरवाला, गिरणवाली सगळे दारात होते. सहदेवने दार उघडलं, पाय खाली सोडले आणि उठायला गेला. पाय जागचे हलेनात. इतका वेळ मांडी घालून दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, गुडघ्याखाली काही आहे की नाही तेच कळेना. तो दाराला धरून तसाच लोंबकळला.

बाईंनी घड्याळात पाहिलं. मग सीटमागे हात घालून एक कुबडी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आधी वजन हातावर, मग पुढचं पाऊल. घाई करू नका."

सहदेवने कुबडी घेतली. वजन हातावर टाकलं, आणि सगळ्यांच्या देखत, चेहराभर हसत, तो एकेक पाऊल टाकत आपल्या शेडच्या उंबऱ्यापर्यंत गेला. धाकूने कुबडी पळत आणून परत दिली. बाईंनी ती मागे ठेवली, बटण दाबलं, पहिला गिअर टाकला, आणि गाडी बोरिवलीच्या वाटेला लागली.